मायकेल वेस्ट : अर्ध्यावर शाळा सोडणाऱ्यांचा शिक्षक

थोर पुरुषांची चरित्रे लिहू लागले म्हणजे लेखकाची दृष्टी बहुधा रणांगणाकडे, राजसभेकडे अथवा प्रयोगशाळेकडे जाते. शाळेच्या वर्गाकडे ती क्वचितच वळते. आणि वळलीच, तर शिक्षकापाशी येऊन थांबते. त्या शिक्षकाला शिकवायला कोणी शिकविले, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नव्हे अशा मुलांना ती कशी शिकवावी, याचे शास्त्र ज्या थोड्या लोकांनी घडविले, त्यांत डॉ. मायकेल वेस्ट यांचे स्थान फार वरचे आहे. भाषाशिक्षणाचा अभ्यास करणाऱ्यांत त्यांचे नाव जगभर परिचित आहे. परंतु ज्या भूमीत त्यांनी या कार्यास आरंभ केला, तेथील विद्यार्थ्यांना ते फारसे ठाऊक नाही. म्हणून त्यांचे चरित्र आमच्या वाचकांपुढे संक्षेपाने मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

मायकेल फिलिप वेस्ट यांचा जन्म सन १८८८ मध्ये झाला. ऑक्सफर्ड विद्यापीठातील क्राइस्ट चर्च या महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. ते पुरे झाल्यावर त्यांनी हिंदुस्थानच्या शिक्षणखात्यातील नोकरी पत्करली, आणि १९१२ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ते बंगालमध्ये येऊन दाखल झाले. तो काळ बंगालला मोठ्या उलथापालथीचा होता. वंगभंग रद्द झाला होता, राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस गेली होती, आणि काही वर्षे एका प्रांताची राजधानी म्हणून मिरविलेले ढाका शहर पुन्हा साधे जिल्ह्याचे गाव झाले होते. त्या शहराला मिळालेल्या दोन देणग्या मात्र टिकून राहिल्या. त्यांतील पहिली म्हणजे १९०९ साली स्थापन झालेले शिक्षकांचे ट्रेनिंग कॉलेज, आणि दुसरी म्हणजे १९२१ साली उघडलेले ढाका विद्यापीठ. १९२० साली वेस्ट हे त्या ट्रेनिंग कॉलेजाचे प्रिन्सिपॉल झाले. ढाका ही आज बांगलादेशाची राजधानी आहे. परंतु इंग्रजीच्या अध्यापनाच्या इतिहासात त्या शहराचे नाव कायमचे कोरले गेले ते या ट्रेनिंग कॉलेजातील कामामुळे.

ट्रेनिंग कॉलेज म्हणजे काय, हे येथे थोडे सांगितले पाहिजे. ज्याला एखादा विषय येतो त्याला तो शिकविताही येतो, असा समज फार जुना आहे, आणि तो अद्याप पुरता गेलेला नाही. पोहता येणारा प्रत्येक मनुष्य दुसऱ्याला पोहायला शिकवू शकतोच असे नाही. घाबरलेल्या मुलाचा हात केव्हा धरावा व केव्हा सोडावा, हे वेगळेच ज्ञान आहे. हे ज्ञान शिक्षकांस देण्यासाठी ट्रेनिंग कॉलेजे निघाली. परंतु परभाषा शिकविण्याच्या बाबतीत त्या काळी या कॉलेजांजवळ देण्यासारखे फारसे नव्हते. जी पुस्तके होती त्यांतील पुष्कळशी युरोपातल्या शाळा डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली होती. जर्मन मुलाला फ्रेंच कसे शिकवावे, हे त्यांत सापडे. पण पूर्व बंगालच्या एखाद्या खेड्यातील, गच्च भरलेल्या वर्गातील, पावसाळ्यात चिखल तुडवीत शाळेत येणाऱ्या मुलाला इंग्रजी कसे शिकवावे, हे सांगणारा ग्रंथ सहजी सापडण्यासारखा नव्हता. वेस्ट यांना तो प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता, कारण त्यांच्या हाताखालून बाहेर पडणारे शिक्षक अशाच वर्गांवर जाणार होते.

त्यांनी शाळांची स्थिती बारकाईने पाहिली. एक मोठे वैगुण्य त्यांच्या ध्यानी आले, ते आमच्या वाचकांतील वडीलधाऱ्यांना अपरिचित वाटू नये. इंग्रजीचे क्रमिक पुस्तक उघडले की पहिल्याच परिच्छेदात दहा-बारा कठीण शब्द उभे ठाकत. शिक्षक एकेक वाक्य वाचून त्याचा अर्थ मातृभाषेत सांगत, मुले तो लिहून घेत व पाठ करीत. तासभर खपून अर्धे पान होई. जे शब्द आज मोठ्या कष्टाने शिकले ते पुढच्या पाठात पुन्हा भेटतच नसत, कारण पुढच्या पाठाला स्वतःचे दहा-बारा नवे शब्द आणावयाचे असत. येणेप्रमाणे वर्षामागून वर्षे जात, आणि मॅट्रिकच्या परीक्षेपर्यंत जो टिके त्याच्या पदरात काहीतरी पडे. पण सगळे टिकत कुठे होते?

हाच तो प्रश्न, ज्याने वेस्ट यांच्या साऱ्या आयुष्याला वळण दिले. पहिल्या इयत्तांत भरती होणाऱ्या मुलांपैकी फार मोठा भाग मधल्या मधल्या इयत्तांत गळून जाई. कोणाचा बाप वारे, कोणाचे शेत बुडे, कोणाला फी परवडत नसे, कोणी नापास होऊन कंटाळे. ही मुले तीन-चार वर्षे इंग्रजी शिकलेली असत. परंतु त्या शिक्षणाचे एकही फळ त्यांच्या हाती नसे. त्यांना इंग्रजी बोलता येत नसे, लिहिता येत नसे, आणि एखादे साधे पुस्तकही वाचता येत नसे. अभ्यासक्रमाची सारी रचना शेवटच्या वर्षाकडे डोळे लावून केलेली होती. जो शेवटापर्यंत पोहोचला त्याच्यासाठी मागची सर्व वर्षे ही पायरी होती. जो वाटेत राहिला त्याच्यासाठी ती निव्वळ वाया गेलेली वर्षे होती.

सन १९२३ मध्ये लंडन येथे साम्राज्यातील शिक्षणाधिकाऱ्यांची परिषद भरली. ज्या देशांत मुलांना दोन भाषा शिकाव्या लागतात तेथील प्रश्नांचा शास्त्रीय रीतीने शोध व्हावा, असा विचार तेथे पुढे आला. वेस्ट यांनी बंगालपुरते ते काम अंगावर घेतले. शाळांतून चाचण्या घेऊन, मुलांच्या वाचनाचा वेग व आकलन मोजून, नव्या धर्तीचे पाठ तयार करून ते वर्गांत पारखून पाहून त्यांनी एक मोठा अहवाल लिहिला. द्वैभाषिकतेवरील हा ग्रंथ १९२६ साली कलकत्त्यास सरकारतर्फे प्रसिद्ध झाला. सरकारी अहवाल बहुधा कपाटात धूळ खात पडतात. परंतु हा अहवाल आजही भाषाशिक्षणाचे अभ्यासक आवर्जून उघडतात, हे त्याच्या योग्यतेचे गमक होय.

या ग्रंथातील मध्यवर्ती कल्पना त्यांनी विम्याच्या व्यवहारातून उचललेली आहे. एखाद्याने आयुष्याचा विमा उतरविला आणि काही वर्षे हप्ते भरून मध्येच ते थांबविले, तर विमा कंपनी त्याला अगदी रिकाम्या हाताने परत पाठवीत नाही. भरलेल्या हप्त्यांच्या मानाने काही रक्कम त्याला देते. हिलाच सरेंडर व्हॅल्यू असे म्हणतात. वेस्ट यांचे म्हणणे असे की, शाळेतील प्रत्येक विषयालाही अशी सरेंडर व्हॅल्यू असली पाहिजे. मूल ज्या दिवशी शाळा सोडील त्या दिवसापर्यंतच्या श्रमांचे काही ना काही मोल त्याच्या गाठीशी राहिले पाहिजे. एका वर्षाच्या शिक्षणाचे एका वर्षाइतके, दोहोंचे दोन वर्षांइतके. ज्या अभ्यासक्रमात सर्व लाभ शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवलेला असतो, तो गरिबांच्या मुलांवर अन्याय करणारा अभ्यासक्रम होय. कल्पना साधी आहे, पण ती शिक्षणखात्याच्या वरच्या खुर्चीवर बसून सुचण्यासारखी नव्हती. गळून जाणाऱ्या मुलांकडे ज्याने डोळे उघडून पाहिले त्यालाच ती सुचली.

मग परभाषेच्या शिक्षणात असे कोणते अंग आहे, की जे थोडेसे आले तरी उपयोगी पडते? येथे वेस्ट यांनी त्या काळच्या पंडितांच्या मताविरुद्ध कौल दिला. त्या वेळी युरोपात संभाषणपद्धतीचा बोलबाला होता. आधी कान व जीभ, मग डोळा व हात, असा तिचा क्रम. वेस्ट यांनी बंगालच्या मुलांसाठी वाचनाला अग्रस्थान दिले. त्यांची कारणे तपासून पाहण्यासारखी आहेत. खेड्यातल्या मुलाला इंग्रजी बोलण्याचा प्रसंग येतो किती वेळा? आणि बोलणे शिकवावयाचे तर स्वतः उत्तम बोलणारा शिक्षक हवा, तो प्रत्येक खेड्यात कोठून आणावयाचा? वाचनाचे तसे नाही. पुस्तक नीट रचलेले असेल तर साधारण शिक्षकाच्या हातूनही वाचन शिकविले जाते. शिवाय बोलणे सरावावाचून विसरते; पण वाचण्याची गोडी लागलेला मुलगा शाळा सुटल्यावरही एकट्याने पुढे जाऊ शकतो. त्याला शिक्षक लागत नाही, सोबती लागत नाही, दिवा आणि पुस्तक असले की पुरे. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. भावनेच्या व कल्पनेच्या वाङ्मयात बंगाली भाषा संपन्न होती. परंतु शास्त्र, धंदे व व्यावहारिक माहिती यांची पुस्तके त्या भाषेत तेव्हा फार थोडी होती. ते ज्ञान इंग्रजी पुस्तकांत होते. तेव्हा वाचता येणे म्हणजे त्या भांडारात हात घालता येणे होय.

वाचन शिकवावयाचे ठरले, तरी पुस्तके कोठे होती? ती वेस्ट यांनी स्वतः लिहिली. १९२६ च्या सुमारास त्यांनी न्यू मेथड या नावाची वाचनमाला रचण्यास आरंभ केला. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२१ साली इंग्रजीतील दहा हजार शब्दांची एक यादी छापली होती. निरनिराळ्या पुस्तकांत कोणता शब्द किती वेळा येतो हे मोजून ती केलेली होती. वेस्ट यांनी त्या यादीचा आधार घेतला व दोन नियम स्वतःस घालून घेतले. पहिला नियम असा की, जो शब्द मुलाला पुढे वारंवार भेटणार तोच आधी शिकवावयाचा. ग्रंथांत शोभणारा पण विरळा शब्द काढून त्याच्या जागी साधा शब्द घालावयाचा. दुसरा नियम असा की, नवे शब्द पाठात विरळ पेरावयाचे, आणि एकदा आलेला शब्द लगेच व नंतरही पुन्हा पुन्हा आणावयाचा, म्हणजे तो घोकून नव्हे तर भेटून भेटून ओळखीचा होतो. शेतकरी रोपांची लावणी करताना दोन रोपांत अंतर ठेवतो, त्याचे मर्म हेच. दाटी झाली की एकही रोप फोफावत नाही. परिणाम असा झाला की, जुन्या पुस्तकात मुलगा जेथे पानावर अडखळत होता, तेथे तो गोष्ट वाचू लागला. आणि पुढे काय झाले हे जाणण्याची उत्सुकता हाच त्याचा खरा शिक्षक झाला.

ट्रेनिंग कॉलेजातील शिक्षकांना या पद्धतीने जे शिकावे लागले ते त्यांना प्रथम विचित्रच वाटले असावे. तोवर चांगला शिक्षक म्हणजे जो तासभर सुंदर विवरण करतो तो, असा समज होता. नव्या पद्धतीत शिक्षकाने थोडे नवे शब्द फळ्यावर समजावून द्यावयाचे, पाठ वाचण्यापूर्वीच त्यावरील काही प्रश्न द्यावयाचे, म्हणजे मुलाचे वाचन शोधासारखे होते, आणि मग गप्प बसावयाचे. मुले मनातल्या मनात वाचतात, उत्तरे शोधतात. शिक्षक बाकांमधून फिरतो व जो अडला असेल त्याच्यापाशी थांबतो. शिक्षकाच्या वाणीला विराम आणि विद्यार्थ्याच्या बुद्धीला काम, असे या पद्धतीचे वर्णन करता येईल. गप्प बसण्याची ही विद्या शिक्षकाला शिकविणे हे सर्वांत कठीण शिक्षण असते, असे आम्हांस वाटते.

आपल्याकडे याच सुमारास काय चालले होते, हे येथे आठवल्यावाचून राहवत नाही. महाराष्ट्रात कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढल्या. इंग्रजीचे मराठी व मराठीचे इंग्रजी करीत, नियम पाठ करीत, त्या पिढ्यांनी व्याकरणाचा पाया पक्का केला, व तिचे उपकार कोणी नाकारणार नाही. परंतु तो मार्ग चिकाटीने शेवटपर्यंत जाणाऱ्यांचा होता. वेस्ट यांचा डोळा वाटेत थांबणाऱ्यावर होता. या दोन मार्गांची तुलना केली म्हणजे त्यांच्या विचाराचे वेगळेपण स्पष्ट दिसते.

सुमारे वीस वर्षे बंगालमध्ये काढल्यावर, १९३० नंतरच्या वर्षांत वेस्ट तेथून निघाले. कॅनडातील टोरोंटो येथे व लंडन येथे त्यांनी आपले संशोधन पुढे चालविले. या काळातील त्यांची मोठी कृती म्हणजे १९३५ साली निघालेला न्यू मेथड इंग्रजी कोश. हा त्यांनी जेम्स एंडिकॉट यांच्या सहकार्याने केला. एंडिकॉट हे चीनमध्ये काम करणारे कॅनडाचे मिशनरी होते. कोशात एखादा कठीण शब्द पाहावा, तर त्याचा अर्थ त्याहून कठीण शब्दांत दिलेला आढळतो, आणि तो शब्द पाहावयास गेले की पहिल्याच शब्दाकडे परत यावे लागते, हा अनुभव कोणा विद्यार्थ्याला नाही? वेस्ट यांनी ही भिंगरी थांबविली. आधी त्यांनी सुमारे दीड हजार, नेमके सांगावयाचे तर १४९० साधे शब्द निवडले, आणि कोशातील सुमारे चोवीस हजार शब्दांचे व वाक्प्रचारांचे अर्थ केवळ त्या निवडक शब्दांतच लिहिले. तेवढे शब्द ज्याला येतात त्याला सारा कोश खुला झाला. ही युक्ती आज सर्वमान्य आहे. १९७८ साली लाँगमन कंपनीने परभाषी विद्यार्थ्यांसाठी जो प्रसिद्ध कोश काढला, त्यातील अर्थ सुमारे दोन हजार निवडक शब्दांत दिलेले होते, आणि त्या निवडीला वेस्ट यांच्या कामाचाच आधार होता. इंग्रजीतून इंग्रजीत अर्थ देणारा विद्यार्थिकोश वापरणाऱ्या अनेकांना आपण एका ढाक्याच्या प्रिन्सिपॉलचे ऋणी आहोत, याची कल्पनाही नसेल.

शब्दांच्या निवडीवरून त्या काळी मोठा वादही माजला. केंब्रिजचे सी. के. ऑग्डेन यांनी ८५० शब्दांची बेसिक इंग्लिश नावाची भाषा रचून तीच जगाने शिकावी, असा आग्रह धरला होता. वेस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३४ साली तिची कसून चिकित्सा प्रसिद्ध केली, व ऑग्डेन यांनीही तितक्याच त्वेषाने उत्तर दिले. शब्द थोडे असले म्हणजे भाषा सोपी होते, हा भ्रम आहे, असा वेस्ट यांच्या आक्षेपाचा रोख होता. क्रियापदे वगळली, तर त्यांची उणीव लहान लहान शब्दांच्या जोडण्यांनी भरून काढावी लागते, आणि त्या जोडण्या परक्याला एकेका साध्या शब्दाहून अधिक कठीण जातात. याच वर्षी न्यूयॉर्क येथे या विषयाच्या जाणत्यांची परिषद भरली. जपानमध्ये इंग्रजीच्या शिक्षकांना तयार करण्यात ज्यांनी चौदा वर्षे घालविली ते हॅरल्ड पामर तेथे होते, थॉर्नडाइक होते, आणि वेस्टही होते. पामर हे संभाषणाचे कैवारी, वेस्ट वाचनाचे. तथापि मतभेद बाजूस ठेवून दोघांनी एकत्र काम केले, ही गोष्ट विद्वानांत जितकी दुर्मीळ तितकीच अनुकरणीय आहे. १९३६ साली त्यांचा अहवाल आला, आणि तीच यादी वाढवून व सुधारून वेस्ट यांनी १९५३ साली जनरल सर्व्हिस लिस्ट या नावाने छापली. तीत सुमारे दोन हजार शब्द आहेत. आणि प्रत्येक शब्दाचे जे निरनिराळे अर्थ, त्यांतील कोणता किती प्रमाणात वापरला जातो, याचेही आकडे दिलेले आहेत. त्यायोगे कोणता अर्थ आधी शिकवावा व कोणता मागे ठेवावा, हे शिक्षकाला अंदाजाने नव्हे तर हिशेबाने ठरविता येऊ लागले.

वार्धक्यातही त्यांचे लक्ष ढाक्याच्या त्या वर्गांवरून हलले नव्हते. १९६० साली, बहात्तराव्या वर्षी, त्यांनी बिकट परिस्थितीत इंग्रजी कसे शिकवावे यावर एक छोटे पुस्तक लिहिले. आमच्या मते शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने वाचावे असे हे पुस्तक आहे. शिक्षणशास्त्राची पुस्तके बहुधा वीस हुशार मुलांचा हवेशीर वर्ग गृहीत धरून लिहिलेली असतात. वेस्ट यांनी गृहीत धरलेला वर्ग वेगळा आहे. त्यात चाळीस-पन्नास मुले बाकांवर दाटीने बसलेली आहेत, कोणी पुढे आहे, कोणी फार मागे, उष्मा आहे, आणि शिक्षकाला स्वतःलाच इंग्रजी बोलण्याचा पुरता विश्वास नाही. अशा शिक्षकाला त्यांनी नावे ठेवली नाहीत. त्याच्या हातात चालण्यासारखी साधने दिली.

त्यांतील एक साधन येथे सांगतो, कारण ते आजही कोणत्याही वर्गात विनाखर्च वापरता येते. मुलाने पुस्तकातील एक वाक्य किंवा वाक्याचा तुकडा मनात वाचावा. मग पुस्तकावरून नजर उचलून, समोरच्या सोबत्याकडे पाहून, तो तुकडा त्याला सांगावा. मग पुन्हा खाली पाहून पुढचा तुकडा घ्यावा. एवढेच. परंतु या एवढ्याशा गोष्टीत बरेच साधते. नजर उचलताना वाक्य क्षणभर मनात धरून ठेवावे लागते, म्हणून ते अर्थासकट धरावे लागते. नुसती अक्षरे उच्चारून भागत नाही. पाहून वाचणारा मुलगा पुस्तकाशी बोलतो, हा माणसाशी बोलू लागतो. पन्नास मुलांच्या पंचवीस जोड्या एकाच वेळी हे करू शकतात, तेव्हा मागच्या बाकावरचा मुलगाही रिकामा राहत नाही. आणि शिक्षकाचे स्वतःचे उच्चार तितकेसे चांगले नसले तरी काम अडत नाही. वाचनाचा कैवार घेणाऱ्याने बोलण्याची वाट वाचनातूनच कशी काढली, हेही यातून दिसून येते.

कोणाही मनुष्याचे चरित्र केवळ स्तुतीने पुरे होत नाही. वेस्ट यांच्या मतावर आक्षेप घेण्यास जागा आहे. ज्या मुलांना केवळ वाचन शिकविले त्यांच्यासाठी बोलण्याचे व लिहिण्याचे दरवाजे, आणि त्यांबरोबर अधिकाराच्या जागांचे दरवाजे, बंद राहण्याचा धोका होता. ते परकीय राज्याचे अधिकारी होते, आणि बंगालीत शास्त्रीय पुस्तके नाहीत म्हणून इंग्रजी वाचावे, या युक्तिवादाला बंगालीतच ती पुस्तके का निर्माण करू नयेत, असे उत्तर कोणी दिले तर ते रास्तच ठरेल. काळही बदलला. आज खेड्यातल्या मुलाच्या कानावर इंग्रजी पडते, आणि बोलण्याची गरजही पूर्वीपेक्षा फार वाढली आहे. शब्दांची त्यांची यादीही जुनी झाली. २०१३ साली अभ्यासकांच्या दोन निरनिराळ्या गटांनी नव्या याद्या तयार केल्या. मात्र दोघांनीही आपल्या यादीला वेस्ट यांच्याच यादीचे नाव पुढे नवी हा शब्द जोडून दिले, यातच जुन्याचा मान राहिला. शिवाय हेही सांगितले पाहिजे की, वेस्ट हे आपल्या मताचे बंदे नव्हते. संभाषण कसे शिकवावे यावर त्यांनी १९३३ सालीच स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. वाचन हे त्यांचे दैवत नव्हते. त्या मुलांना त्या परिस्थितीत सर्वांत लवकर फळ देणारे झाड म्हणून त्यांनी ते निवडले होते.

१९७३ साली, पंचाऐंशीच्या घरात, डॉ. वेस्ट यांचे देहावसान झाले. त्यांच्या पुस्तकांतील काही पद्धती उद्या मागे पडतील. पण शाळा सोडणारा मुलगा काय घेऊन घरी जातो, हा त्यांचा प्रश्न मागे पडणार नाही. महाराष्ट्रात सन २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. ज्यांना स्वतःला ते पाचवीपासून शिकविले गेले होते अशा हजारो शिक्षकांवर लहानग्यांना ते शिकविण्याचे काम येऊन पडले. वेस्ट यांनी ज्या शिक्षकासाठी लिहिले तो हाच, आणि ज्या मुलासाठी लिहिले ते मूलही हेच.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी काही जण पुढे शिक्षक होतील. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की, वर्गावर उभे राहाल तेव्हा पहिल्या बाकावरील हुशार मुलाकडे पाहून आपल्या यशाचे मोजमाप करू नका; तो तुमच्यावाचूनही शिकला असता. जो मुलगा दिवाळीनंतर कदाचित शाळेत दिसणार नाही त्याच्याकडे पाहा, आणि आजच्या तासाला त्याच्या पदरात असे काय टाकले की जे त्याच्यापाशी राहील, याचा हिशेब रोज मनाशी करा. आणि जे शिक्षक होणार नाहीत त्यांनीही हा हिशेब स्वतःपुरता करावा. परीक्षेची वाट न पाहता आज शिकलेले आजच वापरावे. चार सोप्या पुस्तकांत रमावे, मग पाचवे कठीण पुस्तक आपोआप सोपे होते. ज्ञानाचे मोल शेवटच्या दिवशी एकदम मिळते असे नाही. ते वाटेत रोज थोडे थोडे हाती येत असते. ते तसे हाती यावे म्हणून एका शिक्षकाने आपले आयुष्य वेचले, एवढे ध्यानात राहिले तरी या लेखाचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.